खोट त्यांच्या मालात, कपात आपल्या खिशाला का?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत मोबाइलच्या हमीवर बोलायचे ठरले तेव्हा काही जण हसले. बोंडअळी, कर्ज, वीज, कापसाचा भाव एवढे विषय उभे असताना मोबाइल मध्येच कुठून आला, असे त्यांचे म्हणणे. मोबाइल म्हणजे पोराटोरांचा खेळ, असे अजूनही पुष्कळांना वाटते.

खेळ होता तेव्हा होता. २०२१ साली राज्यात ई-पीक पाहणी आली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून, मोबाइलवर फोटो काढून करायची असे ठरले. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घालायचा असेल तर आधी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नाव नोंदवा असे सांगितले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता. नोंदणी नाही तर महामंडळाच्या केंद्रावर तो भाव नाही. बँकेचा ओटीपी फोनवर, अनुदान जमा झाल्याचा निरोप फोनवर. म्हणजे फोन आता बैठकीतला शोभेचा जिन्नस राहिलेला नाही. तो तिफण, वखर, फवारणीचा पंप यांच्या रांगेत येऊन बसला आहे. फरक एवढाच, की तिफणीचा फण मोडला तर सुतार-लोहार जवळपास मिळतो. फोनचा डिस्प्ले गेला तर कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावाला, आणि नोंदणीची शेवटची तारीख मात्र आठ दिवसांवर.

म्हणून आज फोनवर बोलायचे आहे. पण फोन कसा वापरावा यावर नाही. दहा-पंधरा हजार रुपये मोजून घेतलेला फोन खोटा निघाला तर तो हमीच्या मुदतीत बदलून किंवा दुरुस्त करून कसा घ्यायचा, एवढ्यावरच.

नियम त्यांनीच शिकवला

आपण कापूस घेऊन केंद्रावर जातो. ग्रेडर ओल मोजतो. ओल ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे ओलीच्या प्रमाणात कपात. १२ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी परत. ज्वारी काळी पडली तर भाव पडतो. कवडी कापूस निघाला तर व्यापारी वेगळा ढीग करायला लावतो. मालात खोट निघाली तर किंमत कापायची किंवा माल परत करायचा, हा नियम आपल्याला बाजाराने चांगला पाठ करून घेतला आहे. त्याबद्दल आज तक्रार करायची नाही. नियम नियम म्हणून ठीक आहे.

पण नियम एकच असेल तर तो काउंटरच्या दोन्ही बाजूंना लागला पाहिजे. आपण विकायला जातो तेव्हा आपल्या मालाची खोट जागेवर मोजली जाते. आपण विकत घ्यायला जातो आणि त्यांच्या मालात खोट निघते, तेव्हा मात्र “वापरताना काही केले असेल तुम्ही” असे ऐकून आपण मान खाली घालून परत येतो. असे का?

याचे एक कारण आपल्या मनात आहे. हमी म्हणजे कंपनीची मेहरबानी, असे आपण धरून चालतो. मेहरबानी मागायला गेलेला माणूस हात जोडून उभा राहतो. ज्याचे देणे घ्यायचे आहे तो हिशेबाची वही घेऊन उभा राहतो. आणि हमी हे देणेच आहे. फोनच्या किमतीत कंपनीने दुरुस्तीचा, बदलीचा, सर्व्हिस सेंटरच्या नोकरांच्या पगाराचा खर्च आधीच धरलेला असतो. ती किंमत आपण दिली. हमीचे पैसे आपण भरून बसलो आहोत. आता मागायचे ते भरलेल्या पैशाचे.

हमीत काय असते, काय नसते

आधी हमीत नेमके काय आहे ते नीट समजून घेऊ. न समजता भांडले की हसे होते.

नव्या फोनला साधारणपणे एक वर्षाची हमी असते. डब्यातला चार्जर आणि वायर यांना बहुतेक वेळा सहा महिन्यांची. ही हमी बनावटीतल्या दोषाची असते. चार्ज होत नाही, टच चालत नाही, समोरच्याला आपला आवाज जात नाही, डिस्प्लेवर आपोआप रेघ उमटली, सिम असूनही नेटवर्क धरत नाही, बॅटरी फुगली, हे दोष हमीत बसण्यासारखे आहेत. फोन पडून काच फुटली, विहिरीत गेला, फवारणीच्या पाण्याने भिजला, हे हमीत बसत नाही. पुष्कळ फोनांच्या आत एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते, ती पाणी लागले की रंग बदलते. सर्व्हिस सेंटरवाला फोन उघडून आधी ती पट्टी पाहतो. तेव्हा पाण्यात पडलेला फोन घेऊन “काहीच झाले नाही साहेब” म्हणू नका. खोटे एकदा पकडले की दुसऱ्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. घामाने भिजलेल्या खिशात फोन ठेवायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घाला. दोन रुपयांची पिशवी दहा हजारांची हमी वाचवते.

दुसरी गोष्ट. हमी चालू असताना फोन तालुक्याच्या नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेऊ नका. तो कारागीर चांगला असेल, स्वस्तही असेल. पण बाहेरच्या माणसाने फोन उघडला असेल तर हमी रद्द, असे जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते. त्याच्याकडे जायचे ते हमी संपल्यावर.

तिसरी गोष्ट, बॅटरीची. बॅटरी फुगून फोनची पाठ वर आली असेल तर फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, उशाशी ठेवू नका. बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्या. इथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे.

आता बदलून मिळण्याचे. नवा फोन पहिल्या काही दिवसांतच बिघडला तर बदलून देण्याची सोय पुष्कळ कंपन्या आणि विक्रेते ठेवतात. ही मुदत कोणाची सात दिवस, कोणाची दहा, कोणाची पंधरा. घेतानाच विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. ती मुदत गेली की कंपनी आधी दुरुस्ती करू पाहते. दुरुस्त करायचा की बदलून द्यायचा हे आम्ही ठरवू, असे अटींत असते. म्हणून नवा फोन आणला की तो कपाटात ठेवून पूजेचा मुहूर्त पाहू नका. पहिल्या दोन दिवसांत सगळे तपासा. दोन्ही सिम घालून बोला. कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग, शेतात उभे राहून ठिकाण बरोबर दाखवतो का, सारे पाहा. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीआधी पाहतो, तसेच हे.

तारीख लिहून घ्या

आता मुख्य मुद्दा. आजच्या सगळ्या बोलण्यातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

आमच्यातल्या दोन कास्तकारांची गोष्ट सांगतो. दोघांनी एकाच कंपनीचा फोन घेतला. दोघांच्याही फोनच्या डिस्प्लेवर दहाव्या महिन्यात रेघ आली. पहिला सर्व्हिस सेंटरला गेला. काउंटरवरच्या पोराने सांगितले, “काका, पार्ट नाही, पुढच्या आठवड्यात या.” तो पुढच्या आठवड्यात गेला. पुन्हा तेच. मग वेचणी सुरू झाली, मजूर मिळेना, जाणे झाले नाही. वेचणी उरकून गेला तेव्हा वर्ष उलटून बारा दिवस झाले होते. काउंटरवर नवा पोरगा. त्याने पावती पाहिली आणि म्हणाला, हमी संपली, साडेचार हजार पडतील. मी आधी दोनदा आलो होतो, असे हा सांगतो. त्याला काही कागद? काही नाही.

दुसराही त्याच सेंटरला गेला. त्यालाही पार्ट नाही असेच सांगितले. हा म्हणाला, “पार्ट नसू दे, तक्रार तर नोंदवून घ्या. जॉबशीट द्या.” पोरगा म्हणाला, पार्ट आल्यावर देऊ. हा तिथेच बाकावर बसला. जॉबशीट घेतल्याशिवाय उठला नाही. तोही वर्ष उलटल्यावरच पुन्हा गेला. पण त्याच्या हातात कागद होता. त्यावर तारीख दहाव्या महिन्यातली. त्याचा डिस्प्ले फुकट बदलून मिळाला.

फोन तोच, दोष तोच, सेंटर तेच. फरक एका कागदाचा. हमीची मुदत आपण तक्रार केव्हा नोंदवली यावर मोजली जाते. त्यांना पार्ट केव्हा सापडला यावर मोजता येत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जरी दोष नोंदवला गेला तरी तो हमीतला दोष आहे. मात्र तो नोंदवला गेला पाहिजे. तोंडाने सांगितलेली तक्रार म्हणजे पावतीशिवाय घातलेला कापूस. माल गेला, आणि हिशेबाला काही उरले नाही.

तेव्हा वर्ष संपायच्या एक महिना आधी फोनचीही एकदा पीक पाहणी करा. घरातल्या शाळकरी पोरीला सांगा, ती दहा मिनिटांत सगळे तपासून देईल. बॅटरी दुपारच्या आत उतरते का, आवाज खरखरतो का, कॅमेरा धूसर आहे का. लहानसहान म्हणून सोडून दिलेला दोष असेल तर त्याच महिन्यात नोंदवून टाका. वर्ष संपल्यावर जाणे म्हणजे वरातीमागून घोडे.

काउंटरवर कसे उभे राहायचे

सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी घरून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. तक्रार सांगा, तक्रारीचा नंबर मागा आणि तारखेसह वहीत लिहा. काही कंपन्या घरून फोन नेण्याची सोय देतात, तेही विचारा. एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी वाचली तर वाचली.

जाताना पक्की पावती न्या. पावतीवर फोनचा आयएमईआय नंबर आहे का पाहा. हा १५ अंकी नंबर म्हणजे फोनचा सातबारा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. डब्यावरही छापलेले असतात, म्हणून डबा चुलीत घालू नका.

फोन देण्याआधी त्यातले फोटो, नंबर, सातबाऱ्याचे उतारे दुसरीकडे काढून ठेवा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पैशाचे व्यवहार करणाऱ्या अ‍ॅपमधून बाहेर पडा. पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगू नका. फोन दुरुस्त करायला बँकेचा पिन लागत नाही.

दोष अधूनमधून येत असेल तर दुसऱ्या फोनने त्याचे चित्रीकरण करून ठेवा. नाहीतर काउंटरवर फोन शहाण्या पोरासारखा वागतो आणि तुम्हाला ऐकावे लागते, “आमच्याकडे तर नीट चालतो.” देताना फोनचे चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर “काच आधीच तडकलेली होती” असे म्हणायला जागा ठेवू नका.

जॉबशीट हातात आली की तिथेच वाचा. इंग्रजी असेल तर वाचून दाखवायला सांगा. त्यात पाच गोष्टी पाहिजेत: तारीख, आयएमईआय नंबर, दोष काय ते आपल्या शब्दांत, फोनची बाहेरची स्थिती, आणि हमीत आहे की नाही. दोष ‘चार्जिंग होत नाही’ असताना ‘सॉफ्टवेअर अपडेट’ एवढेच लिहिले असेल तर दुरुस्त करून घ्या. फोन तीन वेळा न्यावा लागला तर तीन जॉबशीटा पाहिजेत. एकच दोष पुन्हा पुन्हा येतो हे दाखवायला त्याच उपयोगी पडतात. दुरुस्ती जमत नसेल तर बदलून द्या, हे म्हणण्याचे बळ त्यातून येते.

बदलून फोन मिळाला तर त्याचाही आयएमईआय नंबर कागदावर घ्या. के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून १५ अंकी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोन खरा आहे का ते कळते. बदललेल्या फोनची किंवा सुट्या भागाची हमी केव्हापर्यंत, हेही लिहून घ्या.

दुकानदार, ऑनलाइन आणि हप्ता

दुकानदार म्हणतो, “मी फक्त विकतो, तुम्ही आणि कंपनी बघा.” दुरुस्ती कंपनी करील हे खरे. पण पैसे त्याने घेतले, पावती त्याने दिली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नवा झाला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तेव्हा पाच-पन्नास रुपये कमी करतो, पावती नको म्हणा, असे कोणी सांगितले तर समजून घ्या की तो आपली हमी पन्नास रुपयांना विकत घेतो आहे.

ऑनलाइन फोन मागवला असेल तर डबा उघडताना चित्रीकरण करा आणि बिल उतरवून ठेवा. बिलावर खरा विक्रेता कोण ते लिहिलेले असते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपनीने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एक महिन्यात तिचा निकाल लावला पाहिजे.

फोन हप्त्यावर घेतला असेल तर एक सावधगिरी. फोन बिघडला म्हणून रागाने हप्ता थांबवू नका. फोन विकणारा वेगळा आणि कर्ज देणारी फायनान्स कंपनी वेगळी. हप्ता चुकला की दंड लागतो, आपली पतनोंद बिघडते, आणि पुढे बँकेत कर्ज मागायला गेलो की ती आडवी येते. हप्ता भरत राहा, भांडण फोनवाल्याशी करा. दुकानात जास्तीची हमी म्हणून वेगळे पैसे घेतात, तेव्हा ती हमी नेमकी कोणत्या कंपनीची, कशाची आणि केव्हापासूनची हे कागद वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

शहाण्याने पायरी चढावी

इतके करूनही सेंटर दाद देत नाही. मग काय?

आधी कंपनीला लेखी कळवा. ई-मेल करा किंवा रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. फोन केव्हा घेतला, दोष केव्हा आला, केव्हा केव्हा दाखवला, काय पाहिजे, आणि किती दिवसांत पाहिजे. पाच ओळी पुरे. शिव्या नकोत. शिव्यांनी कागद जड होतो, पण मुद्दा हलका होतो.

मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. ते लोक तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. हे न्यायालय नाही, हुकूम देत नाहीत. पण पुष्कळ कंपन्या या टप्प्यावर हलतात, कारण पुढची पायरी त्यांना माहीत असते.

पुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकील, तारखा, स्टँप यांनी पोळलेल्या माणसांनी ती म्हण केली. पण ग्राहक आयोगाची पायरी वेगळी बांधली आहे. १९८६ च्या पहिल्या कायद्याने ही व्यवस्था उभी केली, तेव्हा तिला मंच म्हणत. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो. पूर्वी समोरचा जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथे जावे लागे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, तिने आपल्या जिल्ह्याला यायचे. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र केली पाहिजे.

आयोग दोष काढून द्या म्हणू शकतो, नवा फोन द्या म्हणू शकतो, किंमत परत करा म्हणू शकतो, वर नुकसानभरपाईही देऊ शकतो. हुकूम पाळला नाही तर कायद्यात कैद आणि दंड दोन्ही आहेत. निकाल आठवड्यात लागतो असे आम्ही सांगणार नाही. कायद्यात महिन्यांची मुदत आहे आणि प्रत्यक्षात त्याहून वेळ लागू शकतो. म्हणून तर आधीच्या सगळ्या पायऱ्या नीट चढायच्या. कागद पक्का असेल तर बहुतेक भांडण काउंटरवरच मिटते.

कोणी म्हणेल, तुम्ही फोन शेतीच्या धंद्यासाठी वापरता, मग तुम्ही ग्राहक कसले? त्याचे उत्तर कायद्यातच आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत.

फोनपासून बियाण्यापर्यंत

हे सगळे फोनपुरतेच आहे का? नाही. २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि खराब बियाण्याची तक्रार तो ग्राहक न्यायालयात नेऊ शकतो. बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने जपून ठेवला नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळा, हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. शेतकरी बियाणे पेरायला घेतो, डब्यात ठेवायला घेत नाही.

म्हणजे हक्क आपल्याला मिळालेला आहे. पण तो चालवायला कागद लागतो, आणि कागदाची सवय आपल्याला नाही. कृषी सेवा केंद्रात उधारीवर पाकिटे घेताना पावतीचा विचार डोक्यात येत नाही. लॉट नंबर पाहणारा गावात एखादा. हंगाम गेल्यावर कागद शोधायला निघालो तर रिकामे पाकीटही सापडत नाही. बियाण्यात फसलो तर वर्ष जाते. फोनमध्ये फसलो तर दहा हजार जातात. तेव्हा लहान व्यवहारात सवय लावून घेऊ, मोठ्या व्यवहारात ती कामाला येईल. ज्या माणसाने फोनची जॉबशीट घेतल्याशिवाय बाक सोडला नाही, तो बियाण्याची पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरणार नाही. आणि काट्यावर वजनाची चिठ्ठी घेतल्याशिवाय गाडीही हलवणार नाही.

एक काम आज घरी गेल्यावर करायचे. घरातल्या प्रत्येक फोनची पावती शोधा. एका पिशवीत घाला आणि ती पिशवी सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवा. पावतीचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा, कारण पावतीची शाई उन्हाने आणि वर्षभराने उडते. हमी कोणत्या तारखेला संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्याच्या एक महिना आधीच्या तारखेला गोल करा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या पावत्या गावातल्या एका पोराने किंवा पोरीने बसून पाहाव्यात. एका संध्याकाळचे काम आहे.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांचे फोन बिघडलेले आहेत आणि हमी अजून शिल्लक आहे, त्यांनी पावती आणि फोन दोन्ही घेऊन यावे. बैठक संपल्यावर तक्रारीची पत्रे इथेच बसून लिहू. पावती नसेल तर डबा आणा. डबाही नसेल तर निदान दुकानाचे नाव आणि तारीख आठवून या, दुकानदाराकडे पावतीची दुसरी प्रत मागायला आपण चौघे मिळून जाऊ.